दाबलं, सोडलं

बोईसरच्या त्या खोलीत सगळ्यात जास्त बोलायचा तो कारखान्याचा भोंगा. त्याच्या खालोखाल आमचा स्टोव्ह. मग भिंतीपलीकडे राहणाऱ्या रामसेवकच्या मोबाइलवरची गाणी. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नंबर यात कुठंच लागत नव्हता. माझाही नव्हता, कारण बोलायचं तर समोर कुणी तरी लागतं. आई मी लहान असतानाच गेली. अण्णा त्याच्याही आधीपासून इथं एमआयडीसीत प्रेसवर होते, पत्रा कापायच्या प्रेसवर, आणि मी बीडकडं आमच्या गावी आत्याजवळ वाढले. दहावी झाली, आत्याच्या घरात सून आली, माझी वळकटी ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा अण्णा येऊन मला घेऊन गेले. सबंध प्रवासात ते म्हणाले, "खाती का काही?" आणि मी म्हणाले, "नको." झालं, संपलं बोलणं. असा बाप आणि अशी लेक. बोईसरला उतरलो तेव्हा हवेत औषधाच्या दुकानासारखा वास होता. मला वाटलं, जवळ दवाखाना असेल. तो वास गावाचाच आहे हे कळायला थोडे दिवस लागले, आणि मग तो येईनासाच झाला.

अण्णांची पाळी दर आठवड्याला बदलायची. सकाळपाळी असली की मी उठायच्या आत त्यांची बस गेलेली. दुपारपाळी असली की मी कॉलेजातून यायच्या आत गेलेली. आमची गाठ पडायची ती परातीखाली झाकलेल्या भाकरीशी. ते माझ्यासाठी झाकून जायचे, मी त्यांच्यासाठी झाकून झोपायचे. त्यांनी अर्धा कांदा ठेवला की मला कळायचं, आज बरे आहेत. आख्खा तसाच राहिला की कळायचं, दमून आलेत, नुसती भाकरी पाण्याबरोबर ढकललीय. आता माझे कानाजवळचे केस पांढरे झालेत आणि लोक मला सांगतात की घरात संवाद हवा. असेल बाई. आमच्याकडं कांदा होता.

दिवसातून एक माणूस मात्र नेमानं दार वाजवायचं. जवळच्या दांडी गावची काशीमावशी. डोक्यावर सुकटीची पाटी, बोंबील, जवळा, आणि तिच्याआधी तिचा वास. आम्ही देशावरचे, मासळी खाणं माहीत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी ती यायची. उंबऱ्यावर पाटी उतरवायची, पाणी मागायची आणि म्हणायची, "काय गो, येकलीच हाय का? बापूस कामावं?" मी हो म्हणायचे. "आमच्या घरात सात माणसां, येक मिनिट तोंडा बंद नाय. तुमच्या घरात भिंती तरी बोलतान का?" आणि स्वतःच हसायची. मला तिचा राग यायचा, कारण ती खरं बोलायची. ती गेली की खोली पहिल्यापेक्षा जास्त रिकामी वाटायची.

नवापूर रोडला एका हार्डवेअरच्या दुकानावर राऊत सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. सर तिथलेच, वाडीवाले, बोलायला फटकळ. माझं टायपिंग बरं होतं आणि क्लास सुटला तरी मी घरी जायला उठत नसे, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. एके दिवशी त्यांनी माळ्यावरचा एक जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून दिला. विंडोज त्याला झेपत नव्हतं म्हणून लिनक्स घातलेलं. घरी आणून लावला तर माऊस हलेना. दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन क्लासात गेले. सर म्हणाले, "उंदीर मेला म्हणून सुतक पाळतेस काय? काळी खिडकी उघड, आज्ञा लिहायची. आधी हजेरी घे. कोण आलंय, कोण नाही, ते मशीनलाच विचार." मग त्यांनी आज्ञा शिकवली. एक्सइनपुट लिस्ट असं टाईप केलं की मशीनला जोडलेल्या वस्तूंची नावं खाली खाली येतात, प्रत्येकाला एक नंबर. माझा माऊस गैरहजर निघाला. त्याची पिन वाकलेली होती, ती सरळ केल्यावर हजर झाला. "आता दुसरी गोष्ट," सर म्हणाले. "हजर आहे म्हणजे काम करतोय असं नाही. आपल्या वर्गातपण असतात तसे. म्हणून टेस्ट."

टेस्ट म्हणजे त्याच आज्ञेपुढं टेस्ट लिहायचं आणि त्या वस्तूचा नंबर द्यायचा. मग कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक ओळ येते: की प्रेस, आणि त्या बटणाचा नंबर. बोट उचललं की दुसरी ओळ: की रिलीज, तोच नंबर. बस, एवढंच. मी मनात ते मराठीत वाचायचे. दाबलं. सोडलं. माझ्या नावाचा एम, मंगलचा एम, त्याचा नंबर अठ्ठावन्न होता. अठ्ठावन्न दाबलं. अठ्ठावन्न सोडलं. सांगायला हसू येतं, पण दुपारी कॉलेजातून आले, भाकरी खाल्ली, काशीमावशी येऊन गेली, की मी ती काळी खिडकी उघडून नुसती बटणं दाबत बसायचे. काही बिघडलेलं नसायचं. त्या घरात मी काही केलं आणि त्याला लगेच उत्तर आलं, असं होण्याची ती एकच जागा होती. मैत्रिणी नव्हत्या असं नाही, पण त्यांना घरं होती, घरी जायची घाई होती. मला भयंकर एकटं वाटायचं. हे तेव्हा कुणी विचारलं नाही म्हणून आता न विचारता सांगते.

मग प्रेसवर अण्णांचा हात गेला. पूर्ण हात नाही, उजव्या हाताची मधली तीन बोटं. अंगठा आणि करंगळी राहिली. रामसेवक त्याच कारखान्यात होता, तोच दवाखान्यातून त्यांना घेऊन आला. अण्णा पांढरं बोचकं झालेला हात छातीशी धरून कॉटवर बसले आणि म्हणाले, "चहा ठेव." बाकी काही नाही. कसं झालं, विचारायची माझी छाती झाली नाही. आता ते दिवसभर घरी असायचे आणि आमच्याकडं कांद्याचीसुद्धा भाषा उरली नाही, कारण कांदा मीच चिरत होते. खरं सांगते, ते कामावर असतानाच्या एकटेपणापेक्षा हा जास्त जड होता. समोर माणूस बसलेलं आणि शब्द नाही.

जखम भरत आली तेव्हा एका संध्याकाळी रामसेवकनं मला नळाशी गाठलं. "बिटिया, बाबूजी बताए कि नहीं? साहब बोला है, गेट पे गाड़ी का एंट्री कंप्यूटर पे करना आता है तो रख लेंगे. नहीं तो हिसाब कर देंगे." अण्णांनी मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मी हंडा तसाच ठेवून आत गेले. "अण्णा, साहेब काय म्हणालेत?" ते भिंतीकडं बघत म्हणाले, "आत्याला फोन केलाय. दिवाळीच्या आत तुला पोचवतो." "आणि तुम्ही?" "बघू. कुठं वॉचमन बिचमन." "आणि कॉम्प्युटरचं?" "येडी का खुळी तू? मला येतंय का ते?" मला एकदम रडू फुटलं. ज्या माणसाशी आपलं धड बोलणं नाही, त्याच्यापासून लांब जायचं म्हटल्यावर असं रडू यावं, याचं माझं मलाच नवल वाटलं. आत्याच्या घरी मला जागा नव्हती हे एक. पण तेवढंच नव्हतं. परातीखाली झाकलेली भाकरी परत मला कोण ठेवणार होतं? मी डोळे पुसले आणि म्हणाले, "उद्यापासून बसायचं. मी शिकवते." ते काही बोलले नाहीत, म्हणजे हो.

पहिला दिवस म्हणजे नुसता छळ. गाडीचा नंबर टाईप करायचा, एमएचपासून सुरू. अण्णांनी डाव्या हाताचं बोट एमवर ठेवलं आणि पडद्यावर एमची रांग लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच मोकळ्या जागा पडत होत्या. बघते तर त्यांचा उजवा पंजा, बँडेज सुटलेला, लांब पट्टीच्या स्पेसच्या बटणावर दाबून धरलेला. "अहो अण्णा, तो हात कशाला? आणि सोडा की!" ते दचकून दोन्ही हात उचलायचे, पुन्हा तेच करायचे. चार दिवस हेच. प्रेसवर इतकी वर्षं काढलेला माणूस, पत्रा एका नजरेत मापणारा, आणि एक अक्षर एकदा उमटेना. मी वैतागले, ते माझ्याहून वैतागले. "नादच सोड याचा," म्हणून कॉटवर जाऊन आडवे झाले. मी सरांकडं गेले. सर म्हणाले, "कीबोर्डला टेस्ट लावतेस, बापाला लाव की."

मी काळी खिडकी उघडली, टेस्ट सुरू केली आणि अण्णांना म्हटलं, काही लिहू नका, नुसतं तुमच्या पद्धतीनं दाबा. पडद्यावर ओळी धो धो यायला लागल्या. दाबलं, दाबलं, दाबलं, दाबलं. सोडलं येईचना. मी बघत राहिले. कितीतरी वेळानं त्यांनी दोन्ही हात एकदम उचलले आणि तेव्हा कुठं खाली सोडलं उमटलं. "अण्णा," मी हळूच विचारलं, "बोट लगेच कामून उचलत नाहीत तुम्ही?"

"उचलून कसं चालंल?" ते माझ्यावरच खेकसले. "दोन हिरवी बटणं असत्यात, दोन्हीकडं. दोन्ही हातानं दाबायची आन प्रेस खाली जाईस्तवर धरून ठेवायची. मधीच सोडलं की मशीन जाग्यावर थांबतं. हात दोन्ही बटणावर पायजेत, म्हणजे मशीनच्या खाली जात न्हाईत. तेच्यासाठीच केलंय ते." एवढं सलग बोललेले अण्णा मी पहिल्यांदा ऐकत होते. मग ते आपल्या उजव्या पंजाकडं बघायला लागले. "त्या दिवशी एका बटणात लाकडाची काडी ठोकलेली होती. सगळेच ठोकायचे. एक हात मोकळा राहतो, माल पटापटा निघतो. मीच ठोकली होती." त्यांनी पंजा पालथा करून मांडीवर ठेवला. "तुझी आई गेली तवा बी मी मशीनवरच होतो," ते म्हणाले, आणि ते का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी उठून चहा ठेवला. दोघंही प्यायलो. पण त्या दिवसापासून त्या खोलीत काही तरी सैल झालं.

ते मठ्ठ नव्हते. त्यांचे हात शिकलेले होते, एवढंच, आणि ज्या शिकवणीनं हात वाचतात ती त्यांच्याकडून मी मोडून काढायला निघाले होते. मग मी उलटं केलं. मशीनलाच त्यांच्याजोगं केलं. एक आज्ञा अशी आहे की बटण कितीही वेळ दाबून धरा, अक्षर एकदाच उमटतं. एक्ससेट, आर, ऑफ. ती दिली. उजव्या पंजाला काम हवं होतं, तर सरांकडून एक दुसरा मोडका कीबोर्ड आणला, तोही मशीनला जोडला, हजेरीत त्याचा नंबर बघितला आणि त्याला डिसेबल केलं. म्हणजे जोडलेला आहे, नाव लागतंय, पण काही केलं तरी गप्प. तो उजव्या बाजूला ठेवला. अण्णांनी डाव्या बोटानं एम दाबला, उजवा पंजा मुक्या कीबोर्डवर दाबला, आणि पडद्यावर एकच, नीटनेटका एम उमटला. मग एच. मग सगळा नंबर. "आयला," अण्णा म्हणाले. मशीन बंद केलं की हे सगळं विसरायचं, म्हणून रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी त्याला पुन्हा सांगून जायचे.

पण गेटवरच्या कॉम्प्युटरला हे कोण सांगणार होतं? तिथं मी नसणार, लिनक्स नसणार, दुसरा कीबोर्ड नसणार. म्हणून मी रोजच्या सांगण्यात लबाडी सुरू केली. बटण किती वेळ धरल्यावर अक्षरांची रांग लागावी, हेही ठरवता येतं. आधी भरपूर वेळ दिला. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मग आणखी कमी. अण्णांना काही बोलले नाही. रांग लागली की ते चुकचुकायचे आणि पुढच्या वेळी जरा आधी बोट उचलायचे. मुका कीबोर्डही मी रोज बोटभर लांब सरकवायचे. शेवटी तो कॉटवर गेला आणि पंजा मांडीवर राहिला. काशीमावशी उंबऱ्यावरून बघायची. "काय गो, बापसाला शालेत घातलास? आमच्या घोवाला पण शिकव गो, तो मासलीचा जाला सोडून काय धरत नाय." अण्णा तिच्याकडं न बघता हसले. मी त्यांना हसताना बघितलं म्हणून तिला त्या दिवशी पहिल्यांदा आत बोलावून भाकरी वाढली. तिनं पाटीतला जवळा कांद्यावर परतून दिला. वास घरभर झाला. अण्णांनी मुकाट खाल्ला आणि परत मागितला.

एक दिवस कॉलेजातून लवकर सुटले. दार लोटलेलं होतं. फटीतून बघते तर अण्णा एकटे कॉम्प्युटरसमोर. मी शिकवलं नव्हतं, पण बघून बघून त्यांना कळलं होतं की काळ्या खिडकीत वरच्या बाणाचं बटण दाबलं की आधीची आज्ञा परत येते. त्यांनी टेस्ट लावली होती. गाडीचे नंबर वगैरे काही नाही. एक बटण दाबायचे, ओळ बघायचे, सोडायचे, ओळ बघायचे. पुन्हा दुसरं. ते सरावाला बसलेत असं वाटून मी कौतुकानं आत शिरले तर ते चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "काय करायलात अण्णा?" म्हटलं. "काही न्हाई," ते म्हणाले. मग पडद्याकडं बघतच, "बोलतंय की हे. दाबलं की बोलतंय. तू नसलीस की घर खायला उठतं." मला पाठ फिरवून स्टोव्हला पंप मारावा लागला. बरीच वर्षं मी असं धरून चालले होते की त्या खोलीत एकटी मीच आहे.

साहेब गेटवर एंट्री करायला लावून परीक्षा घेणार होते, त्या दिवशी ते धुतलेला शर्ट घालून गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "रोज कमी करायलीस ते कळत होतं मला." आणि गेले. मी कॉलेजला गेले नाही. काशीमावशी आली, माझं तोंड बघून पाटी उतरवून बसली आणि उठलीच नाही. "माझा माल नाय खपला तर तुझ्या माथ्यावं," म्हणाली आणि बसून राहिली. उन्हं कलली, भोंगा झाला, बस आली. अण्णा आले, चपला काढल्या, हातपाय धुतले. "मधी एकदा रांग लागली," ते म्हणाले. "खोडली मग. साहेब म्हणाला, सोमवारपासून या." आणि लगेच, "आत्याला फोन करून सांग, पोरगी यायची न्हाई." काशीमावशीनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझं रडणं आणि ओरडणं एकदमच निघालं.

पुढं मी शिकले, नोकरी लागली, पुण्याला आले. लेकी राहतात त्याच गावी थोड्याच. अण्णा गेटवरून निवृत्त झाले तरी बोईसर सोडेनात. फोनवर त्यांचं ठरलेलं, "बरंय. ठेवतो." राऊत सरांनी मग एक गंमत जुळवून दिली, की पुण्यात बसून मला अण्णांच्या त्या जुन्या मशीनच्या काळ्या खिडकीत जाता यायचं. मी कामावरून आले, चहा घेतला, की तिथली टेस्ट लावायची आणि वाट बघायची. त्या मशीनवर अक्षरांची रांग मी कायमची बंद करून ठेवली होती. अण्णा जेवून उठले की कीबोर्डशी येऊन एक बटण दाबायचे. माझ्या पडद्यावर ओळ यायची: अठ्ठावन्न, दाबलं. मग काही नाही. मी कप हातात धरून बसायचे. ते सोडायचे नाहीत. गेटवर इतकी वर्षं भराभर बोट उचलायला शिकलेला माणूस, माझ्या अक्षरावर मात्र जुन्या सवयीनं बोट धरून ठेवायचा, आणि मला माहीत असायचं की तिकडं ते आहेत, खुर्चीत बसलेत, जेवलेत, आज बरं आहे. कितीतरी वेळानं दुसरी ओळ यायची. त्याच्याइतकं लांब बोलणं माझ्याशी आजवर कुणी केलेलं नाही.

अण्णा गेले. खोली रिकामी करायला मी गेले तेव्हा काशीमावशी म्हातारी झाली होती, पाटी सुनेकडं गेली होती, पण ती आली आणि उंबऱ्यावर बसली. बाकीचं सामान वाटून टाकलं. ते मशीन मी पुण्याला आणलं. अजून चालतं. कधी घरात कुणी नसलं की लावते, हजेरी घेते. कीबोर्ड हजर असतो. टेस्ट लावते आणि त्यांच्यासारखं एमवर बोट ठेवते. अठ्ठावन्न, दाबलं. दुसरी ओळ यायला नुसतं बोट उचलायचं असतं. उचलवत नाही.